जुनी राजदूत बांधताना: बोअर-पिस्टनच्या आधी हवा तपासा

विदर्भातल्या बहुतेक गावांत गोठ्याच्या कडेला नाहीतर कापसाच्या कोठीत एखादी राजदूत १७५ उभी सापडतेच. दुधाचे कॅन, तुरीची पोती, तिघं तिघं माणसं, जे लादलं ते तिनं ओढलं. आता नातू ती बाहेर काढतो आणि गावातला पहिला सल्ला ठरलेला असतो: बोअर-पिस्टन टाक, झालं काम. तो टाकतो. गाडी सुरू होते, आठवडी बाजाराच्या दोन-चार खेपा होतात आणि एका दुपारी रस्त्यातच पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मग नवा पिस्टन हलक्या मालाचा होता असं ठरतं. तसं कधी असतंही, पण बहुतेक वेळा खालच्या चेंबरमध्ये कुठून तरी बाहेरची हवा शिरत असते आणि त्याकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

चार स्ट्रोकच्या गाडीत क्रँकच्या, म्हणजे पिस्टनखाली फिरणाऱ्या दांड्याच्या, पेटीचं काम तेल सांभाळायचं. दोन स्ट्रोकमध्ये तीच पेटी, म्हणजे खालचं चेंबर, पंप असते. पिस्टन वर जाताना कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा-तेलाचं मिश्रण खाली ओढलं जातं आणि खाली येताना तेच दाबून ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे ब्लॉकमधल्या वाटांतून, वर ढकललं जातं. लोहाराचा भाता फाटका असला तर कोळसा पेटत नाही, तसंच हे. चेंबर गळका असेल तर वर कितीही महागडा पिस्टन घाला, उपयोग नाही. म्हणून या लेखात पिस्टनपेक्षा सीलांवर आणि पॅकिंगवर जास्त लिहिलं आहे.

उदाहरण राजदूतचं घेतलं आहे. पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६० च्या दशकात आणलेली ही गाडी. १७३ सीसी, बोअर ६१ मिमी, स्ट्रोक ५९.५ मिमी, तीन गिअर. येझदी किंवा आरएक्स १०० असेल तर आकडे बदलतील, रीत हीच.

पाना लावण्याआधी

आधी आरसी बुक शोधा आणि त्यावरचा इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवर ताडून पाहा. जुन्या गाड्यांची इंजिनं वर्षानुवर्षं अदलाबदल झालेली असतात. नंबर जुळत नसेल तर पैसे घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी नूतनीकरण करावी लागते आणि इंजिन झकास बांधूनही गाडी कागदावर मेलेली असेल तर रस्त्यावर काढता येत नाही. नंबर खोडला जाईल असं त्या जागी घासू नका.

इंजिन जाम असेल तर किकवर उड्या मारू नका. त्यानं किकचा दात नाहीतर कॉनरॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) जातो, पिस्टन काही सुटत नाही. प्लग काढून भोकातून डिझेल आणि थोडं तेल ओता, तीन-चार दिवस राहू द्या, रोज थोडं थोडं घाला. मग गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळू पुढे-मागे हलवा. इतकं करूनही हललं नाही तर हेड उतरवून वरून लाकडाच्या ठोकळ्यानं हलके ठोके द्या.

प्रत्येक पायरीला मोबाइलनं फोटो काढा. वायरिंगचे, मॅग्नेट (ठिणगीसाठी वीज बनवणारं चुंबकाचं चाक) प्लेटवरच्या खुणांचे, क्लचच्या प्लेटा कुठल्या क्रमानं आहेत त्यांचे. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर लिहा. पंधरवड्यानंतर काय कुठलं होतं ते आठवत नाही, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत काम महिनाभरही पडून राहतं.

बीपीच्या यंत्रानं चेंबर तपासणे

ही पायरी गावात कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त पैसा हीच वाचवते. यासाठी शहरात जायची गरज नाही. रक्तदाब मोजायचं जुनं, घड्याळाच्या तबकडीचं बीपी यंत्र मिळालं की पुरे. त्याची तबकडी ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जाते. ३०० मिमी म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि दोन स्ट्रोकचं चेंबर तपासायला एवढाच दाब लागतो. त्याहून जास्त दिला तर सीलाचा ओठ उलटू शकतो, त्यामुळे टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर इथं लावायचाच नाही.

एक जुना प्लग घ्या, त्यातली चिनीमाती फोडून काढा आणि वेल्डिंगवाल्याकडून त्यात पितळी नळी झाळून घ्या. बीपी यंत्राची हातावर बांधायची पट्टी काढून टाका. फुगा, तबकडी आणि नळी एवढंच ठेवून ती नळी या प्लगला जोडा. पट्टीला दोन नळ्या असतील तर फुग्याची आणि तबकडीची नळी टी-जोडानं एकत्र करून त्या प्लगपर्यंत आणा.

आता सायलेन्सर आणि कार्बोरेटर उतरवा. दोन्ही पोर्टांवर ट्रॅक्टरच्या जाड ट्यूबचे तुकडे ठेवून त्यावर लोखंडी पट्टी आवळा. पट्टी बसत नसेल तिथे रबरी बूच घट्ट दाबून बांधा. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात आणि वरून भरलेली हवा थेट चेंबरपर्यंत जाते. फुगा दाबत काटा ३०० वर आणा आणि सोडून द्या.

एका मिनिटात काटा २५० च्या खाली गेला तर गळती आहे. पाचच सेकंदांत शून्यावर आला तर आधी तुमचेच बूच तपासा, पहिल्या वेळी नव्वद टक्के तिथूनच सुटतं. बूच पक्के असतील तर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवा: हेडचा सांधा, ब्लॉकखालचं पॅकिंग, चेंबरच्या दोन भागांमधली रेघ. मग मॅग्नेट काढून त्यामागच्या सीलावर. फुगे दिसतात. बारीक गळतीत फुगे मोहरीएवढे असतात आणि हळू येतात, घाई करू नका.

क्लचच्या बाजूचं सील झाकणामागे असतं, तिथे ब्रश पोहोचत नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरा. तो फुगून वर आला तर हवा चेंबरमधून त्या बाजूला जाते आहे.

कुठलं सील गेलं आहे ते गाडी चालू असतानाही सांगत असते. मॅग्नेटकडचं सील गेलं की बाहेरची कोरडी हवा आत शिरते. मग अॅक्सिलेटर सोडला तरी इंजिनाचे फेरे लगेच उतरत नाहीत, स्लो बसत नाही, प्लग पांढरा पडतो आणि इंजिन तापतं. पिस्टन धरण्याची ही सगळ्यात नेहमीची वाट. क्लचकडचं गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं: पांढरा दाट धूर, प्लगवर ओशट काजळी, आणि कुठेही थेंब न पडता गिअर ऑइल कमी होत जातं.

ही तपासणी इंजिन खोलण्याआधी एकदा करा आणि बांधून झाल्यावर पुन्हा करा. मेकॅनिक म्हणेल, "सील चांगलंच हाये भाऊ, कायले फुकट खर्च करता?" वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं, बोटानं दाबलं तर चांगलं वाटतं आणि फिरत्या क्रँकवर हवा सोडतं. सीलांची जोडी पूर्ण कामाच्या खर्चात फारच थोडी असते. इंजिन खोललं की ती बदलायचीच, यावर चर्चा नको.

खोलणे

मॅग्नेट काढायला पुलरच लागतो. हातोडीनं ठोकून काढला तर चुंबक कमजोर होतो, क्रँकचं टोक वाकतं. पुलर नसेल तर तालुक्याच्या लेथवाल्याकडून करून घ्या. क्लचचा किंवा मॅग्नेटचा नट जोर लावूनही सुटत नसेल तर आधी उघडे आटे नीट पाहा, काही इंजिनांत नट उलट्या आट्याचा असतो.

चेंबरचे दोन भाग वेगळे करताना मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालायचा मोह होतो. घालू नका. ॲल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. कडेनं गरम करा, लाकडी हातोड्यानं ठोका, कुठला तरी स्क्रू राहून गेला आहे का ते पाहा. बहुतेक वेळा राहिलेलाच असतो.

धुण्याला रॉकेल किंवा डिझेल. पिस्टनवरचा आणि हेडमधला कार्बन बांबूच्या धारदार केलेल्या काडीनं खरवडा. सायलेन्सरच्या आतली जाळीही काढून साफ करा. दोन स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये तेलकट कार्बन साचतो, तोंड बुजतं आणि गाडी चढावर दमते. कितीतरी गाड्यांची पॉवर एवढ्यानंच परत येते.

क्रँक

कॉनरॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढा. जराही टकटक जाणवली तर बिग एंडचं, म्हणजे कॉनरॉडच्या खालच्या टोकाचं, बेअरिंग गेलं. आडवी हालचाल असतेच, तिला घाबरू नका, नवख्यांची इथं हमखास गफलत होते.

या इंजिनाचा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो उघडून कॉनरॉड किट बसवणं आणि पुन्हा एका रेषेत आणणं हे घरचं काम नाही. त्यासाठी प्रेस, व्ही-ब्लॉक आणि डायल गेज लागतं. नागपूर, अमरावती, अकोल्याला हे काम करणारी दुकानं आहेत. तिथे क्रँक ठेवून निघून येऊ नका, समोर उभं राहून डायल गेजचा काटा पाहा. दोन्ही टोकांना फिरताना डोल ०.०५ मिमीच्या आत हवा, ०.०३ पर्यंत आला तर उत्तम. डोलणारा क्रँक नवी सीलं आणि बेअरिंग दोन्ही खातो, आणि पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या उघडझाप संपर्काचा) गॅपही स्थिर राहू देत नाही.

ब्लॉक आणि पिस्टन

बोअर झिजतो तो सगळीकडे सारखा नाही. वर, मध्ये, खाली अशा तीन जागी आणि प्रत्येक जागी गाडीच्या लांबीत व रुंदीत असं दोनदा मोजून घ्या. दुकानात पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर अशी मापं बोलली जातात, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी मोठा पिस्टन.

पिस्टन आधी घ्या आणि तो हातात देऊनच बोअर मारायला सांगा. बोअर पिस्टनच्या मापानं मारतात, डब्यावर छापलेल्या आकड्यानं नाही, कारण एकाच मापाचे दोन पिस्टन थोडे वेगळे निघू शकतात. मोकळीक किती ठेवायची ते पिस्टनसोबतच्या कागदावर असतं. "जरा टाइटच ठेवतो, जास्त दिवस जाईल," असं बोअरिंगवाला म्हणाला तर ऐकू नका. आपल्याकडच्या उन्हात टाइट पिस्टन धरायला एक उतार आणि एक लांब सरळ रस्ता पुरतो.

बोअर मारल्यावर पोर्टांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. त्या बारीक कानस किंवा पॉलिश पेपरनं हलक्या गोल करून घ्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसतीच बोअरमध्ये सोडा, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलर गेजनं मोजा. ६१ मिमीच्या बोअरला ०.२५ ते ०.३५ मिमी ठीक. कमी असेल तर एका टोकावर कानस लावून वाढवा. दोन स्ट्रोकच्या पिस्टनला प्रत्येक खाचेत बारीक पिन असते, रिंगची टोकं त्या पिनवरच यायला हवीत. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला. गजन पिनचे (पिस्टन कॉनरॉडला जोडणाऱ्या पिनचे) लॉक नेहमी नवे घाला, आणि घालताना चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा. आत पडलेला लॉक म्हणजे सगळं काम पुन्हा उघडणं.

बोअर झाल्यावर ब्लॉक गरम पाण्यानं आणि कपडे धुण्याच्या साबणानं घासून धुवा. होनिंगची, म्हणजे बोअर दगडानं घासल्याची, बारीक पूड पेट्रोलनं जात नाही. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर यायला हवं. मग लगेच तेल लावा, पावसाळ्यात तर तासाभरात गंज धरतो.

बांधणे

बेअरिंग ठोकून बसवू नका. चेंबरचा भाग गरम करा, पाण्याचा थेंब टाकला की चरचरून उडेल इतका, आणि बेअरिंग हातानं सोडा. ते आपल्या वजनानं बसतं. सील बसवताना स्प्रिंग असलेली बाजू चेंबरकडे, म्हणजे दाबाच्या बाजूला. ओठावर थोडं ग्रीस किंवा तेल लावा, आणि क्रँकच्या चावीच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळूनच सील सरकवा. त्या खाचेच्या कडेनं नवं सील पहिल्याच दिवशी चिरतं.

पॅकिंग कागदाचं, दोन्ही पृष्ठभाग कोरडे आणि सपाट. सिलिकॉन थापण्याची सवय आहे आपल्याकडे. आतल्या बाजूला निघालेली त्याची गोळी सुटून ट्रान्सफर पोर्टमध्ये जाते. लावायचंच तर बोटानं पुसल्यासारखा पातळ थर. ब्लॉकखालचं पॅकिंग मूळ जाडीचंच ठेवा, कारण जाडी बदलली की पोर्ट उघडण्याची वेळ बदलते.

हेड काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर आठच्या आकड्यात घासा. सगळीकडे सारखी चमक आली की सपाट झालं. नट आडव्या-तिडव्या क्रमानं, तीन टप्प्यांत आवळा. आता बीपी यंत्र पुन्हा लावा.

पॉइंट आणि टायमिंग

पॉइंट बारीक पेपरनं साफ करून गॅप ०.४ मिमी, प्लगचा गॅप ०.६ मिमी. आधी गॅप, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. प्लगच्या भोकातून डायल गेज किंवा टायमिंगची पट्टी सोडून पिस्टन अगदी वर आणा, तिथून उलट फिरवून कंपनीच्या पुस्तकातल्या मिलिमीटरपेक्षा थोडं खाली न्या आणि मग पुढे फिरवत नेमकं त्या मापावर आणा, म्हणजे मधली ढील निघून जाते. पॉइंटमध्ये सिगारेटच्या वेष्टणातला पातळ कागद घालून हलका ओढत राहा. पिस्टन त्या मापावर येतो त्याच क्षणी कागद सुटला पाहिजे. आधी सुटला तर प्लेट सरकवा. स्पार्क लवकर झाला की इंजिन खूप तापतं, उशिरा झाला की ओढत नाही.

ठिणगी पिवळी आणि बारीक येत असेल, पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.

कार्बोरेटर, पेट्रोल आणि आपलं हवामान

कार्बोरेटरच्या बारीक वाटा तारेनं टोचू नका, हवेनं उडवा. एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा, तिथून सुरुवात. अॅक्सिलेटरच्या पहिल्या हिश्शाला पायलट जेट, मधल्याला निडल, पूर्ण उघडल्यावर मेन जेट. तक्रार ज्या हिश्शात असेल तोच भाग बदला, एका वेळी एकच.

मेन जेट जुळवायला प्लग वाचा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सरळ रस्त्यावर थोडा वेळ जोरात चालवा, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढा. चॉकलेटी रंग चांगला. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा, राखाडी असेल तर कमी, आणि तशी गाडी घरापर्यंतही जोरात नेऊ नका. हे इंजिन बसलं की करायचं, नव्या पिस्टनवर पहिल्याच दिवशी नाही.

दोन गोष्टी आपल्याकडे वेगळ्या आहेत. पहिली, ऊन. मे महिन्यातली ४५ अंशांची हवा डिसेंबरच्या सकाळच्या १० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के विरळ असते. विरळ हवेत मिश्रण आपोआप जाड होतं, गाडी मंद वाटते, म्हणून उन्हाळ्यात लोक जेट बारीक करतात. तोच जेट हिवाळ्यात मिश्रण पातळ करतो आणि पिस्टन थंडीत धरतो. जेट नेहमी हिवाळ्यात ठरवा आणि उन्हाळ्यातली थोडी मंदी सोसा.

दुसरी, पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. पुस्तकातल्या मापापेक्षा मेन जेट एक पायरी मोठा ठेवून सुरुवात करा. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं. गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. टाकीतला गंज आधी काढा, कॉकच्या नळीवर फिल्टर लावा. आणि एअर फिल्टरशिवाय गाडी चालवू नका, वावराच्या वाटेवरची काळ्या मातीची धूळ बोअर घासून खाते.

पहिले ५०० किलोमीटर

पहिल्या ५०० किलोमीटरला एक लिटर पेट्रोलला ५० मिली टू-टी तेल. मापाला जनावरांच्या डॉक्टरकडची मोठी सिरिंज चालते. तेल आधी कॅनमध्ये पेट्रोलशी हलवून मिसळा, मगच टाकीत ओता. पुढे ४० मिली पुरे. त्याहून जास्त घातलं की पिस्टन वाचतो हा समज खोटा आहे, तेल वाढलं तेवढं पेट्रोल कमी झालं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर ब्लॉक हात लावता येणार नाही इतका तापला की बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. असं तीनदा. मग थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा आवळा. सुरुवातीला सकाळी किंवा संध्याकाळी चालवा, एकट्यानं, कॅन-पोती न लादता. एकाच वेगानं लांब जाऊ नका, अॅक्सिलेटर कमी-जास्त करत राहा. चिखलदऱ्यासारखा घाट उतरताना अॅक्सिलेटर बंद करून इंजिनावर गाडी रोखू नका. या इंजिनाला तेल पेट्रोलसोबतच मिळतं, अॅक्सिलेटर बंद म्हणजे तेलही बंद. अधूनमधून क्लच दाबून थोडा अॅक्सिलेटर द्या.

चालताना आवाज एकाएकी बारीक झाला, ओढ कमी झाली, तर तो पिस्टन धरण्याचा इशारा आहे. त्याच क्षणी क्लच दाबा, गाडी कडेला घ्या, गार होऊ द्या आणि घरी आणून सगळ्यात आधी बीपी यंत्र लावा. ५०० किलोमीटर झाले की हेडचे नट पुन्हा तपासा, पॉइंटचा गॅप पाहा, गिअर ऑइल बदला आणि निघालेलं तेल मोजा. भरलं त्यापेक्षा कमी निघालं आणि बाहेर कुठे गळत नसेल तर क्लचकडचं सील पुन्हा उघडा.